चिंधी कुठल्या बाजूला हलली

४ मार्च
अंटार्क्टिका

पप्पा, जय भीम.

शेवटचं जहाज परवा गेलं. आता नोव्हेंबरपर्यंत इथे कोणी येणार नाही आणि इथून कोणी जाणार नाही. आम्ही तेवीस जण, एक डॉक्टर, एक आचारी आणि खिडकीबाहेर नुसतं पांढरं. हा भाग आईला वाचून दाखवू नका, मनातल्या मनात वाचा. तिला सांगा, तेजल मजेत आहे, गाद्या चांगल्या आहेत.

फोनची माझी पाळी दर पंधरा दिवसांनी रविवारी, दहा मिनिटं. ती आईची. तुम्ही फोन घेतलात की "काय? काय?" यातच पाच मिनिटं जातात. चाळीस वर्षं मोटारी नि पंखे वाइंड करून कानांची वाट लावून घेतलीत. म्हणून तुमच्यासाठी पत्र. माधुरीताई तिच्या झेरॉक्सच्या दुकानात हे प्रिंट करून देईल. तुम्ही हाताने लिहा, ती स्कॅन करून मला पाठवेल. तिला म्हणावं, वाच, पण गल्लीत वाटू नको.

निघताना तुम्ही विचारलं होतं, "वारा मोजायला एवढ्या लांब कशाला, साकीनाक्याला वारा नाही काय?" तेव्हा मी चिडले होते. आता उत्तर देते.

ऊन पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यावर जास्त पडतं, टोकांना कमी. ती गरमी जिथल्या तिथे साचली असती तर मधली माणसं भाजून निघाली असती. वारे आणि समुद्राचे प्रवाह ती गरमी टोकांकडे नेतात. पण एकच वारा मधून निघून थेट माझ्यापर्यंत येतो असं नाही. आजी स्लॅब टाकायला जायची ना? माणसं आपापल्या जागी उभी आणि घमेलं हातोहात वर. तसंच. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढते, उंचावरून दोन्ही बाजूंना पसरते आणि बरीच पुढे, साधारण तीस अंशांच्या आसपास, खाली बसते. खाली बसताना ती दाबली जाते, म्हणून कोरडी आणि गरम होते. तिथून पुढे घमेलं दुसऱ्याच्या हातात. पश्चिमेकडून वाहणारे वारे आणि त्यांच्यातली वादळं गरमी ध्रुवाकडे ढकलतात. शेवटचा माणूस म्हणजे आमच्याकडचं हिमवादळ. तुम्हाला पटणार नाही, पण वादळ आलं की इथे गरम होतं. शनिवारी उणे चौदाचं उणे चार झालं. सगळे स्वेटर काढून फिरत होते.

आता कामाचं. ते हवेचं खाली बसणं सध्या तुमच्या बाजूला जोरात आहे. गुजरातच्या अंगाला जास्त दाब ठाण मांडून बसतोय. पुढच्या आठवड्यात मुंबईत वारा जमिनीकडून येईल, पूर्वेकडून. घाट उतरताना तो अजून तापतो. समुद्राचा वारा दुपारी दोन-तीनपर्यंत आत शिरणार नाही. गाळ्यात व्हार्निश सुकवायची भट्टी तीनच्या आधी उघडू नका. वरती पत्रा आहे, आई तिथेच बसते. एवढं ऐका.

तुमची
तेजल


८ मार्च
साकीनाका

चि. तेजू, जय भीम.

तुझं पत्र काल जेवताना वाचलं. मोठ्याने, सगळं. मला मनात वाचायची सवय नाही हे तुला माहीत असायला हवं होतं. "मनातल्या मनात वाचा" हेसुद्धा मोठ्याने वाचून झालं, तेव्हा लक्षात आलं. तुझ्या आईने भाकरी खाली ठेवली. तेवीस माणसांत डॉक्टर एकच का, आणि तोच आजारी पडला तर काय, असं ती मला विचारत होती. मला काय माहीत? तू कळव.

घमेल्याचं पटलं. भट्टीवरचा आपला दत्ताराम म्हणाला, पोरगी हुशार आसा, पण स्लॅबवाल्यांना वडापाव मिळतो, वाऱ्यांना काय मिळतं? त्याला भट्टीसमोर उभं राहून असलेच प्रश्न सुचतात.

पण भट्टीचं तू मला सांगू नको. तू कागदावर वारा बघतेस, मी तीस वर्षं चिंधीवर बघतोय. विसरलीस का? पश्चिमेच्या खिडकीच्या गजाला ती लाल चिंधी बांधलेली आहे. सकाळी ती मेल्यासारखी लटकते. साडेअकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो. मी पाठमोरा बसून मोटारी तपासत असतो. मान वळवून विचारतो, "चिंधी?" तुझी आई खिडकीशी बसलेली, ती बघते आणि हात वर करते, कारण बोललेलं मला ऐकू येत नाही. तिचा हात वर झाला की दत्ताराम "वारो इलो" म्हणून भट्टी उघडतो. मग तासभर भट्टीतली गरमी आणि व्हार्निशची वाफ पूर्वेच्या दारातून बाहेर. खिडकीतला पहिला वारा तुझ्या आईला, म्हणून ती जागा मी तिला दिली. लग्नात शब्द दिला होता की हिला गाळ्यात त्रास होऊ देणार नाही. हात वर झाल्याशिवाय भट्टी उघडत नाही, एक दिवससुद्धा नाही. तुझ्या तीन वाजण्यापेक्षा हे बरं.

शिवाय सीझन आहे. गरमी वाढली की पंखे जळतात. बेचाळीस पंखे लाइनीत आहेत आणि लोक उभे राहून तगादा लावतात. तीन वाजता भट्टी उघडून काय, रात्री दहाला घरी जाऊ? घाटकोपरला पोचेपर्यंत अकरा.

बाकी ठीक. तू शाणी झालीस याचा आनंद आहे, पण बापापेक्षा थोडी कमी शाणी राहा.

पप्पा

जेवत जा. कानटोपी काढू नको. डॉक्टरला पण कानटोपी घालायला सांग. – आई


१० मार्च
अंटार्क्टिका

पप्पा,

आज मेलची पाळी माझी नव्हती, तरी परवानगी मागून घेतली.

चिंधीची गोष्ट वाचली आणि हातातलं काम टाकून हे लिहायला बसले. लहानपणापासून बघतेय मी ती चिंधी, पण असा विचार कधी केला नव्हता. पप्पा, चिंधी दोन्ही वाऱ्यांना हलते. समुद्राचा वारा आला की ती गजातून आत येते. जमिनीकडचा वारा दारातून घुसला की तीच चिंधी गजातून बाहेर जाते. तेव्हा भट्टीची सगळी गरमी आणि वाफ दाराकडे जाणार नाही. उलटी फिरेल आणि खिडकीशी जो बसलाय त्याच्या अंगावर येईल.

उद्यापासून शुक्रवारपर्यंत पूर्वेचा वारा जोरात आहे. पारा एकोणचाळीसच्या पुढे जाईल असं दिसतंय. चिंधी हलली का एवढंच विचारू नका. कुठल्या बाजूला, ते विचारा.

आणि हे पत्र जेवणापर्यंत ठेवू नका. मिळाल्याबरोबर वाचा.

तेजल


१४ मार्च

चि. तेजू,

पत्र मिळालं. तुझं बरोबर होतं, वारा उशिरा येतो आहे. गरमी खूप आहे. भट्टी सध्या बंद ठेवली आहे.

आई बरी आहे. कामात आहे.

तू तब्येतीला जप. तिथले डॉक्टर चांगले आहेत ना?

पप्पा


१७ मार्च
अंटार्क्टिका

आई,

हे पत्र तुला. पप्पांच्या नावाने माधुरीताईकडे येईल, पण तू माग. नाही दिलं तर भांड.

पप्पांना काय झालंय? खरं सांग.

रविवारी माझी पाळी होती. तुझा फोन दत्तारामकाकांनी उचलला. म्हणाले, "वैनी बाजारात गेल्यात." रविवारी दुपारी बाराला, ह्या उन्हात बाजारात? मी विचारलं, पप्पा कुठे आहेत, तर म्हणाले आवाज येत नाही, आणि ठेवला. मला त्यांचा आवाज व्यवस्थित येत होता. मागे कोणीतरी नंबर पुकारत होतं. गाळ्यात नंबर कोण पुकारतं?

आणि पप्पांचं पत्र. सहा ओळी. त्यांचं अक्षर इतकं वाकडं कधी नव्हतं, जणू मांडीवर कागद ठेवून लिहिलंय. भट्टी बंद. ऐन सीझनमध्ये, बेचाळीस पंखे लाइनीत असताना पप्पा भट्टी बंद ठेवतात? ते आजारी आहेत, हो ना? हार्ट? त्यांनीच तुला सांगितलं असणार, तेजूला कळवू नको, ती तिथून काय करणार. आणि तुझी ओळ पण नाही खाली. माझ्याशी खोटं लिहायचं नाही म्हणून तू लिहिलंच नाहीस, हे कळतंय मला.

आई, इथे माझ्या टेबलावर मुंबईचे आकडे रोज येतात. अकरा तारखेला पूर्वेचा वारा सकाळपासून होता, समुद्राचा वारा पावणेतीनला सुटला. तेव्हापासून मला झोप नाही. मला सगळ्या जगाचा वारा दिसतो आणि माझ्या घरात काय चाललंय ते दिसत नाही. एक ओळ लिही. पप्पा कसे आहेत?

तेजू


२० मार्च
घाटकोपर

तेजू,

तुझं पत्र तुझ्या आईला मी वाचून दाखवलं. हॉस्पिटलात, खाटेशेजारी बसून. मोठ्याने. बाकीचे पेशंट ऐकत होते. "पप्पांना काय झालंय" एवढं वाचून मी कागद खाली ठेवला. पुढचं दत्तारामने वाचलं.

मला काही झालेलं नाही. मला झालं असतं तर बरं झालं असतं.

अकरा तारखेला सकाळी माधुरीने तुझं पत्र दिलं. मी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, जेवताना वाचू म्हटलं. तुझी पत्रं जेवतानाच वाचायची, तिघांनी बसून, ही माझीच पद्धत. तुझ्या आईने विचारलंसुद्धा, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, एक वाजू दे.

पावणेबाराला मी मान वळवून विचारलं, "चिंधी?" तिने हात वर केला. दत्तारामने भट्टी उघडली. त्या दिवशी "वारो इलो" म्हणताना तो थांबला होता, मला आठवतंय. म्हणाला, "भीमराजा, गरम लागता रे." मी म्हटलं, मार्च आहे, थंड लागेल काय?

तुझ्या आईच्या हातात एक कॉइल होती, तीनशे वीस टर्नची. हाताने फिरवायच्या मशीनवर. त्याचा फेरे मोजायचा काटा जुना आहे, मधेच अडकतो, म्हणून ती तोंडाने मोजते. मोजताना ती मधे उठत नाही, उठली की मोजणी चुकते. मी पाठमोरा. वाफ तिच्या अंगावर येत होती आणि ती मोजत होती. अर्धा तास. मला ऐकू येत नाही तेजू. ती मोजायची थांबली तेही मला ऐकू आलं नाही. दत्ताराम ओरडला तेव्हा कळलं.

अंग असं तापलेलं की हात लावता येईना. घाम नव्हता. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हती. दत्ताराम तिला उचलून लोखंडी जिना उतरला. खाली उसाच्या रसवाल्याची बर्फाची लादी होती, ती फोडून त्याने तिच्या काखेत, मानेला लावली आणि रिक्षात बसवली. डॉक्टर म्हणाले, त्या बर्फाने वाचली. सहा दिवस शुद्ध नव्हती. किडनीचं मशीन लागलं. आता शुद्ध आहे, माणसं ओळखते. बोलणं जड झालंय. उजवा हात थरथरतो. पुढे किती सुधारेल, ते कोणी छातीठोक सांगत नाही.

तुझं पत्र मी त्या दिवशी संध्याकाळी वाचलं, हॉस्पिटलच्या बाकावर. खिशात होतं म्हणून हाताला लागलं. घामाने भिजलं होतं, पण अक्षरं दिसत होती. "कुठल्या बाजूला, ते विचारा." तीस वर्षांत मी एकदाही तिला ते विचारलं नाही.

मग तुला खोटं लिहिलं. नोव्हेंबरपर्यंत तू येऊ शकत नाहीस, तिथे एकटी रडत बसशील, असं मनाशी म्हटलं. पण ते पूर्ण खरं नाही. खरं असं की तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, हे तुला कळू नये असं वाटत होतं.

पप्पा


२७ मार्च
घाटकोपर

चि. तेजू,

सात दिवस झाले, तुझं उत्तर नाही. माधुरीच्या दुकानात मी दिवसातून तीनदा जातो. ती आता मला बघूनच मान हलवते.

आईला परवा घरी आणलं. भिंतीला धरून चालते. डॉक्टरांनी सांगितलंय की रोज मोठ्याने आकडे मोजायचे, त्याने मेंदूला वळण लागतं. तिसाच्या पुढे गेली की हरवते, मग माझ्याकडे बघून हसते. ते हसणं मला बघवत नाही.

गाळ्यात तिच्या मशीनवर मी फडकं टाकून ठेवलंय. काटा दोनशे चौदावर आहे. कॉइल अर्धी तशीच. गिऱ्हाइकाला दुसरा पंखा देऊन टाकला, पण त्या मशीनला कोणाला हात लावू देत नाही.

तुला राग आला असेल तर राग लिही. शिव्या दे. पण लिही. तिथे काही झालं तर नाही ना, हे तरी कळव. आई रोज विचारते आणि मी सांगतो, तेजूला काम आहे. पुन्हा खोटं बोलायला लागलोय.

पप्पा


३१ मार्च
अंटार्क्टिका

पप्पा,

तुमची दोन्ही पत्रं काल एकदम उतरली. बावीस तारखेपासून वादळ होतं, लिंक बंद. नऊ दिवस ना मेल, ना फोन. एकवीसला तुमचं पत्र का आलं नाही कोणास ठाऊक, कुठेतरी अडकलं असेल. त्या नऊ दिवसांत मी तुम्हाला मनात चार वेळा मारलं आणि जिवंत केलं. आईचा विचार एकदाही आला नाही. ती कायम तुमची काळजी घेणारी, तिला काही होईल हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

तुम्ही म्हणालात, शिव्या दे. मला राग आलाय, पप्पा. खूप. पत्र वाचून मी बाहेर गेले आणि वाऱ्यात उभी राहून ओरडले, कोणाला ऐकू जात नाही म्हणून. मी दोनदा लिहिलं होतं. दोनदा. आणि तुम्ही एक वाजायची वाट बघत बसलात.

पण आता माझं ऐका. हे मी पण लपवलं होतं.

एक मार्चच्या फोनवर आईने मला सांगितलं होतं की गाळ्यात तिला चक्कर येते. दोनदा आली होती. म्हणाली, "पप्पांना नको सांगू गं, सीझन आहे, उगाच मला घरी बसवतील." मी "बरं" म्हटलं. ती म्हणाली म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचं जहाज सुटणार होतं. मला वाटलं, तुम्हाला कळवलं तर तुम्ही म्हणाल, तेजू, परत ये. आणि मी अजून एक दिवस गप्प बसले की जहाज निघून जाईल, मग कोणी बोलावूच शकणार नाही. मी तो एक दिवस गप्प बसले.

मग चार तारखेला तुम्हाला पत्र लिहिलं. विषुववृत्त, घमेलं, हिमवादळ, सगळं. दोन पानं वारा. "आईला चक्कर येते" एवढी तीन शब्दांची ओळ लिहिली असती तर तुम्ही तिला त्या खिडकीशी बसू दिलं नसतं. तुम्ही माझं विज्ञान मानत नाही, पण तेवढं मानलं असतंत. मला माहीत होतं. तरी मी वाऱ्याच्या आडून लिहिलं.

वादळात इथे उणे बावीसचं उणे सहा झालं. लांबून कुठून कुठून हातोहात आलेली गरमी. बाकीचे खूश होते. मी मोजून वहीत लिहिली आणि वही मिटून ठेवली.

तिला सांगा हे सगळं. मोठ्याने वाचा. मनात वाचू नका.

तेजल


१५ एप्रिल
घाटकोपर

तेजू,

हे मी माझ्या हाताने लिहिते. तीन दिवस लागले. अक्षराला हसू नको.

रविवारी फोनवर माझं बोलणं ऐकून तू घाईघाईने हवामानाचं सांगायला लागलीस. मला कळलं. बोलणं जड झालंय, डोकं जड नाही झालं. तुम्ही बापलेक एकमेकांना पत्रं लिहून रडता, मी केलं, मी केलं म्हणून. मी कोण आहे मग? मला कोणी काही विचारलं का?

चक्कर येते हे लपव असं मीच तुला सांगितलं. तू तोंड उघडलं असतंस तर मी तुझ्यावर रागावले असते. आणि जहाजातून परत आली असतीस तरी मी गाळ्यातच बसले असते. तुला चहा करायला लावला असता एवढंच. तेव्हा जहाज गेलं ते बरं झालं. हे एकदाच लिहिते, परत विचारू नको.

चिंधी बाहेर जाताना मी बघितली होती. तुझे पप्पा म्हणतात तिने हात वर केला, तिचा काय दोष. माझा आहे ना. ती गजाच्या बाहेर फडफडत होती आणि तोंडावर गरम लागत होतं. मला वाटलं आज काहीतरी वेगळं आहे. पण ह्यांनी विचारलं चिंधी हलली का, तर हलली होती. कुठे हलली हे कोण विचारतं आणि कोण सांगतं. कॉइल संपवायची होती म्हणून मी हात वर केला. आता झालं. तिघांचं झालं.

काल जयंती होती. पांढरी साडी नेसले. मिरवणुकीत चालवेना, मंडपात खुर्चीवर बसवलं मला, सगळे येऊन बघून जात होते. मला लाज वाटली, पण जिलेबी खाल्ली.

मोजणी रोज चालू आहे. तिसाला हरवायची, मग साठ, मग शंभरच्या पुढे. दीडशेला एकदा तुझ्या पप्पांनी टाळी वाजवली आणि मी तिथेच विसरले. त्यांना ओरडले.

आज म्हटलं गाळ्यात न्या मला. नको नको करत होते, पण नेलं. दत्ताराम जिन्यावर मागे हात धरून. माझी जागा बदलली आहे, आता खिडकी आणि दार दोन्हींपासून लांब, भट्टी दुसऱ्या भिंतीला. तुझे पप्पा पाठ करून बसत नाहीत, माझ्याकडे तोंड करून बसतात, बघत राहतात, कामं होत नाहीत. खिडकीशी दत्ताराम. तो सकाळपासून "भायर, भायर" करत होता, चिंधी बाहेर. भट्टी बंद. साडेबाराला म्हणाला, "भितर इली." तरी तुझे पप्पा उठून स्वतः बघून आले.

मशीनवरचं फडकं मी काढलं. काटा दोनशे चौदावर होता. तार ताणून धरली, हात थरथरत होता, डाव्या हाताने उजवा धरला. एक फेरा मारला. काटा जरा अडकला आणि मग सरकला.

मी मोठ्याने म्हटलं, दोनशे पंधरा. तुझ्या पप्पांना ऐकू आलं नाही, ते समोर बसून "काय? काय?" करत होते.

मग मी हात वर केला.

जेवत जा. कानटोपी काढू नको.

आई